परत मागवलेली वस्तू जाते कुठे? एस्थर पीटरसन यांची सहा दशकांची लढाई

घरात बाळ येण्याची चाहूल लागली की आपल्याकडे माळ्यावरचा जुना पाळणा खाली उतरतो. अमेरिकेत त्याची जागा ‘क्रिब’ घेते. क्रिब म्हणजे चारही बाजूंनी उभ्या पट्ट्यांचे कठडे असलेली बाळाची खाट. या कठड्याच्या दोन पट्ट्यांमध्ये किती अंतर असावे, हे तेथे सुतार किंवा कारखानदार ठरवत नाही. ते कायद्याने ठरले आहे. हे अंतर २ ३/८ इंच, म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. घरी मोजपट्टी नसेल तर शीतपेयाचा डबा त्या फटीतून आरपार जातो का, ते पाहावे. गेला तर ती खाट बाळासाठी धोक्याची, अशी सोपी खूणही तेथील पालकांना शिकवली जाते.

या सहा सेंटिमीटरमागे एक दुःखद इतिहास आहे. पूर्वीच्या क्रिबमध्ये पट्ट्या दूर-दूर असत. झोपेत वळवळणाऱ्या बाळाचे पाय फटीतून बाहेर जात, पाठोपाठ कंबर आणि धडही सरके. डोके मात्र आतच अडकून राही आणि बाळाचा भार त्याच्या गळ्यावर येई. गादी आणि कठडा यांच्यामध्ये फट राहिली तर तीही जीवघेणी ठरे. नियम येण्यापूर्वी अशा अपघातांत अमेरिकेत दरवर्षी शंभराहून अधिक तान्ही बालके दगावत होती. प्रत्येक घरात मात्र हा मृत्यू एकटाच घडे. शेजारच्या गावातही असेच घडले आहे, हे त्या घराला ठाऊक नसे. दोष बहुधा आईच्या दुर्लक्षाला दिला जाई. खाट बनवणाऱ्याकडे कोणी बोट दाखवत नसे.

वस्तूमुळे होणारी इजा ही ग्राहकाच्या निष्काळजीपणाची शिक्षा नव्हे, ती वस्तूच्या रचनेतच दडलेली असू शकते आणि तिची जबाबदारी बनवणाऱ्याने व सरकारने घेतली पाहिजे, हा विचार रुजायला विसाव्या शतकाची सहा-सात दशके जावी लागली. तो रुजवणाऱ्यांत एस्थर पीटरसन यांचे नाव अग्रभागी येते. शिक्षिका, कामगार संघटक, तीन राष्ट्राध्यक्षांच्या प्रशासनातील अधिकारी आणि अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या दारात जगभरच्या ग्राहकांची बाजू मांडणारी वृद्धा, असा त्यांचा प्रवास झाला. धोकादायक म्हणून एका देशात परत मागवलेली वस्तू दुसऱ्या देशातल्या बाळाच्या अंगावर चढत असेल, तर ती खरोखर परत मागवली गेली काय, हा प्रश्न त्यांनी उतारवयात उचलला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

एस्थर एगर्टसन यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी युटा राज्यातील प्रोव्हो या गावी झाला. घराणे डेन्मार्कहून येऊन स्थायिक झालेले आणि मॉर्मन पंथाचे. वडील शाळाखात्यात अधिकारी होते. शिस्त, काटकसर आणि शेजारधर्म यांचे संस्कार घरातच झाले. १९२७ साली ब्रिगहॅम यंग विद्यापीठातून शारीरिक शिक्षण या विषयात पदवी घेतल्यावर त्या न्यू यॉर्कला गेल्या आणि १९३० मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. तेथेच ऑलिव्हर पीटरसन या समाजवादी विचारांच्या तरुणाशी त्यांची ओळख झाली. पुढे दोघांनी विवाह केला आणि बोस्टन शहरात संसार थाटला.

बोस्टनमध्ये त्या दिवसा श्रीमंत घरांतील मुलींच्या विंझर शाळेत शिकवत, तर संध्याकाळी ख्रिस्ती तरुणींच्या संघटनेत, म्हणजे वायडब्ल्यूसीएमध्ये, कष्टकरी मुलींचे वर्ग घेत. एके संध्याकाळी वर्ग जवळजवळ रिकामा होता. मुली संपावर गेल्या आहेत, असे कळले. संपाविषयी एस्थर यांच्या मनात तोवर एक प्रकारची भीतीच होती. पतीच्या आग्रहावरून त्या मुलींच्या घरी गेल्या आणि जे दिसले त्याने त्यांचे आयुष्य वळले. या मुली घरबसल्या कपडे शिवत. तोवर कपड्यांना चौकोनी खिसे लावले जात. मालकाने अचानक हृदयाच्या आकाराचे खिसे लावायला सांगितले. वळणदार शिवणीला वेळ कितीतरी जास्त लागे, मजुरी मात्र तीच राहिली. म्हणून तो संप. अपुऱ्या उजेडाच्या खोल्यांत आईबरोबर लहान मुलेही कामाला जुंपलेली होती. दुसऱ्या दिवशी एस्थर स्वतः त्या मुलींसोबत निदर्शनात उभ्या राहिल्या.

खिशाचा आकार ही दिसायला क्षुल्लक बाब. पण अशा क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलात माणसाचे जगणे अडकलेले असते, हे त्या तेथे शिकल्या. पुढे वस्तूच्या वेष्टनावरील अक्षरे असोत की मुलांच्या रात्रीच्या कपड्यावरील रसायन, त्यांची नजर नेहमी तपशिलावर राहिली.

यानंतरची वर्षे कामगार चळवळीत गेली. ब्रिन मॉर महाविद्यालयात कामगार स्त्रियांसाठी भरणाऱ्या उन्हाळी शाळेत त्यांनी काम केले. १९३९ पासून कापड व तयार कपड्यांच्या उद्योगातील ‘अमाल्गमेटेड क्लोदिंग वर्कर्स’ या बलाढ्य संघटनेच्या शिक्षण विभागात त्या रुजू झाल्या आणि १९४५ मध्ये संघटनेच्या प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला आल्या. कायदेमंडळाच्या सदस्यांना भेटून कामगारांची बाजू पटवून देणे हे त्यांचे काम. संघटनांच्या पुरुष प्रतिनिधींनी वजनदार सदस्य आपल्याकडे ठेवले आणि या नवख्या बाईंच्या वाट्याला मॅसॅच्युसेट्सचा एक अननुभवी तरुण सदस्य दिला. त्याचे नाव जॉन एफ. केनेडी. ही वाटणी पुढे कोणाच्या पथ्यावर पडली, हे सांगायला नको.

पती परराष्ट्र सेवेत गेल्याने १९४८ नंतर जवळजवळ दहा वर्षे पीटरसन कुटुंब स्वीडन आणि बेल्जियममध्ये राहिले. चार मुलांचा संसार सांभाळत एस्थर यांनी तेथील कामगार संघटनांचे व स्त्रियांच्या संस्थांचे काम जवळून पाहिले. सामान्य माणसाच्या घरगुती प्रश्नांत सरकारने लक्ष घालणे तेथे कोणाला विचित्र वाटत नव्हते. मायदेशी परतल्यावर त्या पुन्हा कामगार महासंघाच्या वतीने वॉशिंग्टनमध्ये काम करू लागल्या.

१९६० च्या निवडणुकीत त्यांनी केनेडी यांच्यासाठी काम केले. केनेडी निवडून येताच १९६१ मध्ये त्यांची श्रम खात्याच्या महिला विभागाच्या प्रमुखपदी आणि त्याच वर्षी सहायक श्रम सचिवपदी नेमणूक झाली. केनेडी प्रशासनातील त्या सर्वांत वरच्या पदावरील स्त्री होत्या. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगामागे पीटरसन यांचीच प्रेरणा होती. समान कामाला समान वेतन देणारा १९६३ चा कायदा संमत व्हावा म्हणून त्यांनी आकडेवारी गोळा करण्यापासून एकेका सदस्याचे मन वळवण्यापर्यंत सारे काही केले.

दरम्यान, १५ मार्च १९६२ रोजी केनेडी यांनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले होते : सुरक्षिततेचा, माहिती मिळण्याचा, निवडीचा आणि आपले म्हणणे ऐकले जाण्याचा. हाच दिवस पुढे जागतिक ग्राहक हक्क दिन ठरला. यादीत पहिला मान सुरक्षिततेला होता. पण हा हक्क बजावायचा कोणाकडे, याचे उत्तर सरकारी यंत्रणेत नव्हते. केनेडी यांच्या हत्येनंतर सत्तेवर आलेल्या लिंडन जॉन्सन यांनी जानेवारी १९६४ मध्ये ग्राहकविषयक विशेष सहायक हे नवे पद निर्माण केले आणि ते पीटरसन यांच्याकडे सोपवले. श्रम खात्याची जबाबदारी सांभाळून हे काम करायचे होते. दिमतीला कर्मचारी मोजके, हाती अधिकार जवळजवळ नाहीत.

पदाला अधिकार नव्हते, म्हणून त्यांनी लोकांचा आवाज हेच बळ मानले. शहरोशहरी ग्राहकांच्या सभा घेतल्या, गृहिणींना पत्रे लिहिण्याचे आवाहन केले. पत्रांचा पाऊस पडला. धुण्याच्या पावडरीच्या खोक्यावर ‘जायंट’, ‘जंबो’ असे लिहिलेले असे. पण आत नेमकी किती पावडर आहे ते सहज कळू नये, अशी वेष्टनाची रचना असे. वजन स्वच्छ अक्षरांत छापावे, एवढी साधी मागणीही उद्योगांना जाचक वाटली. जाहिरातदारांच्या जगाने तर पीटरसन यांना आपला शत्रूच मानले. तरीही ३ नोव्हेंबर १९६६ रोजी जॉन्सन यांनी वेष्टनावरील माहितीविषयीच्या कायद्यावर सही केली. त्याच समारंभात आणखी एका कायद्यावर सही झाली. तो होता बालसंरक्षण कायदा.

विषारी, ज्वालाग्राही किंवा तत्सम घातक पदार्थ असलेली खेळणी व मुलांच्या वस्तू बाजारातून हद्दपार करण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला प्रथमच दिला. तोवर फार तर धोक्याची सूचना छापण्याची सक्ती करता येई. ज्या वयात वाचता येत नाही, त्या वयाच्या ग्राहकासाठी छापील सूचनेचा उपयोग काय, हा मुद्दा अखेर मान्य झाला. मात्र कायद्यात एक मोठे भगदाड राहिले होते. धोका रसायनाचा असेल तरच बंदी घालता येई. टोकदार कडा, तुटणारा बिजागरीचा सांधा किंवा खाटेच्या पट्ट्यांतली फट असा रचनेतला धोका त्याच्या कक्षेबाहेरच होता.

हे भगदाड बुजेपर्यंत पीटरसन त्या पदावर राहिल्या नाहीत. १९६६ च्या शरद ऋतूत डेन्व्हर येथील गृहिणींनी महागाईच्या निषेधार्थ सुपरमार्केटवर बहिष्कार घातला आणि ते लोण देशभर पसरले. सरकारी पदावर असूनही पीटरसन यांनी या स्त्रियांची बाजू घेतली. व्यापारी वर्ग संतापला, व्हाइट हाऊस अडचणीत आले. १९६७ च्या आरंभी त्यांच्या जागी बेटी फर्नेस यांची नेमणूक झाली आणि पीटरसन पूर्णवेळ श्रम खात्यात परतल्या.

परंतु चक्र फिरू लागले होते. १९६७ च्या अखेरीस काँग्रेसने उत्पादन सुरक्षेसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन केला. घरगुती वस्तूंमुळे होणाऱ्या इजांची देशपातळीवर मोजदाद करण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. १९७० च्या मध्यास आलेल्या अहवालाने देश हादरला. घरातील वस्तूंशी संबंधित अपघातांत दरवर्षी दोन कोटी अमेरिकी जखमी होतात, एक लाख दहा हजारांना कायमचे अपंगत्व येते आणि तीस हजार मृत्युमुखी पडतात, असा आयोगाचा अंदाज होता. गवत कापायची यंत्रे, काचेची दारे, फटाके यांच्याबरोबरच धोकादायक वस्तूंच्या यादीत तान्ह्या मुलांचे फर्निचर हा स्वतंत्र वर्ग होता. ठिकठिकाणच्या घरांतले एकेकटे मृत्यू प्रथमच एका कागदावर एकत्र आले आणि त्यांना आईचे दुर्लक्ष म्हणणे अशक्य झाले.

आयोगाचे काम चालू असतानाच, १९६९ मध्ये, बालसंरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. रचनेतले, विजेचे आणि उष्णतेचे धोके त्याच्या कक्षेत आले; बंदी घातलेली वस्तू उत्पादकाने विकत परत घ्यावी, अशीही तरतूद झाली. १९७२ मध्ये ग्राहक उत्पादन सुरक्षा कायदा संमत होऊन पुढच्या वर्षी स्वतंत्र आयोग कामाला लागला. सदोष वस्तू दुरुस्त करून देणे, बदलून देणे किंवा पैसे परत करणे यांची सक्ती करण्याचे बळ त्याला मिळाले. क्रिबच्या पट्ट्यांतील अंतराचा नियम या आयोगाच्या सुरुवातीच्या नियमांपैकी एक. तो १ फेब्रुवारी १९७४ पासून लागू झाला. गादी आणि खाटेची चौकट यांच्या मापांनाही बंधने आली. हे नियम पीटरसन यांनी लिहिलेले नव्हते. मात्र ज्या खुर्चीत बसून ग्राहकाचे गाऱ्हाणे राष्ट्राध्यक्षांच्या कानावर घालता येते, ती खुर्ची पहिल्यांदा त्यांनी सांभाळली होती. त्याच सुमारास उघडलेल्या वाटेने हे सारे आले.

सरकारबाहेर पडल्यावर १९७० मध्ये त्यांनी जे केले, ते जुन्या सहकाऱ्यांना रुचले नाही. वॉशिंग्टन परिसरातील ‘जायंट फूड’ या दुकानांच्या साखळीने त्यांना ग्राहकविषयक सल्लागार म्हणून बोलावले आणि त्यांनी ते स्वीकारले. आयुष्यभर कामगारांच्या व गिऱ्हाइकांच्या बाजूने लढलेली बाई शेठजींच्या गोटात गेली, अशी टीका झाली. पीटरसन यांची अट अशी होती की, आपण दुकानात ग्राहकाचे प्रतिनिधी असू, ग्राहकांपुढे दुकानाचे नव्हे. सात वर्षांत त्यांनी तेथे दर नगाबरोबर दर एककाची किंमत लिहिण्याची पद्धत आणली, खाद्यपदार्थावर सामान्य माणसाला वाचता येईल अशी तारीख छापायला लावली, घटकांची व पोषणमूल्यांची माहिती दिली. त्याने दुकानाचे दिवाळे निघाले नाही. उलट गिऱ्हाइकांचा विश्वास वाढला. प्रामाणिकपणा धंद्याला परवडतो, हा पुरावा हाती घेऊन त्या १९७७ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या विशेष सहायक म्हणून व्हाइट हाऊसमध्ये परतल्या.

कार्टर यांच्या काळात त्यांना मोठा पराभव पाहावा लागला. सर्व सरकारी खात्यांपुढे ग्राहकांची वकिली करणारे स्वतंत्र कार्यालय असावे, यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. उद्योगांच्या संघटना एकवटल्या आणि ८ फेब्रुवारी १९७८ रोजी प्रतिनिधिगृहात ते विधेयक १८९ विरुद्ध २२७ मतांनी फेटाळले गेले. खचून न जाता पीटरसन यांनी आहे त्या यंत्रणेतून वाट काढली. १९७९ मध्ये निघालेल्या आदेशानुसार प्रत्येक खात्याला ग्राहकांसाठी कार्यक्रम आखणे बंधनकारक झाले आणि त्यांच्या समन्वयासाठी नेमलेल्या परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड लढाई मात्र लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांवरून पेटली. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी मुलांचे झोपण्याचे कपडे सहज पेट घेणार नाहीत असे असावेत, असा नियम अमेरिकेत झाला. हेतू चांगला होता. कपड्यांनी पेट घेऊन मुले भाजत होती. नियम पाळण्यासाठी अनेक कारखान्यांनी कापडावर ‘ट्रिस’ नावाचे ब्रोमिनयुक्त रसायन वापरले. जानेवारी १९७७ मध्ये अर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी इशारा दिला की, हे रसायन पेशींतील जनुकांमध्ये बदल घडवते आणि त्यामुळे कर्करोगाचा धोका संभवतो. मुले कपड्याची बाही चोखतात, रात्रभर तो अंगावर असतो. एप्रिल १९७७ मध्ये सुरक्षा आयोगाने ट्रिस लावलेल्या मुलांच्या कपड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आगीपासून वाचवायला निघालेल्या उपायातूनच नवे संकट उभे राहिले होते.

गोदामांत अडकलेल्या लाखो कपड्यांचे काय झाले? त्यांतला बराच माल स्वस्तात विकत घेऊन परदेशी धाडण्यात आला. अमेरिकेतील बंदी निर्यातीला लागू आहे की नाही, याविषयी कायदा संदिग्ध होता. जो कपडा न्यू यॉर्कमधल्या बाळाच्या अंगावर घालणे गुन्हा होता, तोच दूरच्या देशातल्या बाळासाठी बिनदिक्कत जहाजावर चढत होता. १९७८ च्या मध्यास आयोगाने या निर्यातीवरही बंदी घातली, पण तोवर बराच माल गेला होता. हे एकच प्रकरण नव्हते. श्वास कोंडण्याचा धोका असलेल्या बाळांच्या चोखण्या, वापरावर बंदी असलेली कीटकनाशके, मागे घेतलेली औषधे अशी यादी वाढतच गेली.

कार्टर यांनी या प्रश्नावर धोरण आखण्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचा एक गट नेमला आणि त्याचे नेतृत्व पीटरसन यांच्याकडे दिले. काम किचकट होते. व्यापार पाहणाऱ्या खात्याला निर्यात घटण्याची चिंता, परराष्ट्र खात्याला दुसऱ्या देशांच्या स्वायत्ततेची. आपण नाही विकले तर दुसरा कोणी विकेल, हा नेहमीचा युक्तिवाद होताच. घेणाऱ्याने आपले पाहून घ्यावे, असेही म्हटले जाई. पीटरसन यांचे म्हणणे साधे होते : घेणाऱ्याला पाहता यावे म्हणून निदान त्याला खरे सांगा. माहितीच लपवून ठेवली तर निवडीचे स्वातंत्र्य पोकळ ठरते. अडीच-तीन वर्षांच्या खलित्यांनंतर आणि अनेक मसुद्यांनंतर १५ जानेवारी १९८१ रोजी कार्टर यांनी आदेशावर सही केली. बंदी घातलेल्या वस्तूंची माहिती आयात करणाऱ्या देशांना कळवणे आणि अत्यंत घातक वस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणे, अशी त्याची चौकट होती. दुसऱ्याच दिवशी पीटरसन यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान, राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक, प्रदान करण्यात आले. त्यानंतर चारच दिवसांत कार्टर पायउतार झाले.

नवे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १७ फेब्रुवारी १९८१ रोजी तो आदेश रद्द केला. इतक्या वर्षांचे काम महिनाभरात पुसले गेले. पीटरसन तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. पती ऑलिव्हर १९७९ मध्ये निवर्तले होते. पदक मिळाले होते, निवृत्त व्हायला कारणही होते. त्या निवृत्त झाल्या नाहीत. स्वदेशाचे सरकार ऐकत नसेल तर जगाच्या व्यासपीठावर जाऊ, असे ठरवून त्या ग्राहक संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या प्रतिनिधी म्हणून संयुक्त राष्ट्रांत दाखल झाल्या. मलेशियाचे अन्वर फझल तेव्हा या महासंघाचे अध्यक्ष होते. धोकादायक वस्तूंच्या हालचालींची खबर देशोदेशींच्या संघटनांना देणारे ‘कन्झ्युमर इंटरपोल’ हे जाळे महासंघाने १९८१ मध्येच उभारले होते.

न्यू यॉर्कमध्ये पीटरसन यांचे काम पुन्हा १९४५ सारखेच होते. एकेका देशाच्या प्रतिनिधीला गाठायचे, कागद हातात द्यायचा, समजावायचे. १७ डिसेंबर १९८२ रोजी आमसभेने ठराव केला की, देशोदेशी बंदी घातलेल्या, मागे घेतलेल्या किंवा कडक निर्बंध असलेल्या उत्पादनांची एकत्रित यादी संयुक्त राष्ट्रांनी तयार करावी. ठरावाच्या बाजूने १४६ मते पडली, विरोधात एक. ते एक मत अमेरिकेचे होते. आपल्याच देशाच्या विरोधात उभे राहून पीटरसन यांनी ही लढाई लढली. या यादीवर होणारा खर्च आणि तिची उपयुक्तता यांवर नंतरही वाद झाले. परंतु एखाद्या गरीब देशाच्या आरोग्य खात्याला, अमुक वस्तू इतरत्र का नाकारली गेली, हे एका ठिकाणी पाहण्याची सोय झाली.

त्यापुढचा टप्पा ग्राहक संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांचा. ९ एप्रिल १९८५ रोजी आमसभेने ती एकमताने स्वीकारली. बाजारात गेलेल्या वस्तूत नंतर धोका आढळला तर उत्पादकाने विनाविलंब सरकारला व लोकांना कळवावे आणि धोका गंभीर असेल तर ती परत मागवावी, दुरुस्त करावी किंवा बदलून द्यावी, असे त्यांत स्पष्ट नमूद आहे. क्रिबच्या पट्ट्यांसाठी अमेरिकेत जे तत्त्व मान्य झाले होते, ते आता किमान कागदावर तरी साऱ्या जगाचे झाले.

भारताशी या कथेचा धागा येथे जुळतो. ग्राहक चळवळ आपल्याकडे कोणी बाहेरून आणून लावलेले रोप नव्हे. १९६६ मध्ये मुंबईत नऊ गृहिणींनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापन केली होती. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तर पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या तत्त्वांनी या चळवळींच्या मागणीला आंतरराष्ट्रीय आधार दिला आणि पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, भारताचा ग्राहक संरक्षण कायदा अस्तित्वात आला. गाऱ्हाणे मांडायला जिल्हा पातळीपर्यंत मंच मिळाले. धोकादायक वस्तू परत मागवण्याचा थेट आदेश देणारे केंद्रीय प्राधिकरण मात्र २०१९ च्या नव्या कायद्याने आले आणि जुलै २०२० मध्ये त्याची स्थापना झाली. खेळण्यांना भारतीय मानक चिन्हाची सक्ती १ जानेवारी २०२१ पासून झाली.

पीटरसन यांनी १९९३ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीच्या घरात, राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या नियुक्तीने संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकी शिष्टमंडळात काम केले. ज्या सभागृहात त्या स्वदेशाच्या मताविरुद्ध झगडल्या होत्या, तेथे स्वदेशाच्या वतीने बसण्याचा मान त्यांना मिळाला. १९९५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे ‘रेस्टलेस’ हे नाव, म्हणजे अस्वस्थ, त्यांना शोभणारेच होते. २० डिसेंबर १९९७ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागेही क्रिबची कथा संपली नाही. चढ-उतार करता येणारी बाजू असलेल्या खाटांची बिजागरे आणि खटके निखळून बाळे पुन्हा फटीत अडकू लागली. २००० नंतर अशा खाटांमुळे किमान ३२ बालके दगावल्याचे सुरक्षा आयोगाने नोंदवले. २००७ नंतरच्या चार वर्षांत एक कोटी दहा लाखांहून अधिक क्रिब परत मागवण्यात आल्या आणि जून २०११ पासून सरकत्या बाजूच्या खाटा बनवण्यावर व विकण्यावर, जुन्या वापरलेल्या खाटांच्या फेरविक्रीवरही, बंदी आली. फेरविक्रीचा उल्लेख महत्त्वाचा आहे. परत मागवल्याची घोषणा झाली तरी वस्तू घरातच राहते, धाकट्या भावंडाकडे जाते, नात्यात दिली जाते, जुन्या बाजारात विकली जाते किंवा सीमा ओलांडते. कारखान्याच्या नोंदीत ती परत आलेली असते, कुठल्यातरी खोलीत मात्र तिच्यात बाळ झोपलेले असते.

एस्थर पीटरसन यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला तो या शेवटच्या खोलीचा. बोस्टनमधल्या शिवणकाम करणाऱ्या मुलीच्या अंधाऱ्या खोलीत त्या एका संध्याकाळी गेल्या नसत्या, तर कदाचित त्यांना ती दिसलीही नसती. आपल्याकडे बाळासाठी नवी खाट, चालणगाडी किंवा खेळणे घेताना, किंवा शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेले जुने घरात आणताना, मानक चिन्ह पाहणे, फटी मोजणे, खटके हलवून बघणे हे पालकांच्या हाती आहे. पण खाटेची रचनाच घातक असेल तर आईची जागरूकता पुरी पडत नाही. तेथे कायदा हवा, तो राबवणारी यंत्रणा हवी आणि धोक्याची बातमी शेवटच्या घरापर्यंत पोहोचवण्याची कळकळ हवी. पहिल्या दोन गोष्टी आता बऱ्याच देशांकडे आहेत.